रंगूनवालीचं माहेर

लटारूच्या मुठीत रोटर होता, आणि तिकडे लाकडाच्या टालावर रंगूनवाली चालू झाली होती.

त्यानं आधी आपलाच कान झटकला. पौषातली पहाट, चांद्याच्या परकोटावर धुकं मांड ठोकून बसलेलं, गोधडीत मनकर्णेचे बर्फासारखे पाय. अशा वेळी माणसाला काहीही ऐकू येतं. पण आवाज तिचाच होता. आधी घशातला एक जाड खोकला, मग रुसल्यासारखा चुकवलेला एक ठोका, आणि मग सहाही सिलिंडर एका सुरात, जात्यावर दोघी बसल्यासारखे. हा आवाज लटारू लग्नाच्या वरातीतही ओळखू शकला असता. त्यानं मूठ उघडली. रोटर होता. सुपारीएवढा तपकिरी तुकडा, डोक्यावर पितळेची पट्टी. इंजिनाच्या पोटात तो गरगर फिरतो आणि ठिणगीला वाट दाखवतो, आता या सिलिंडरात जा, आता त्या. तो काढून घेतला की ठिणगीला घर सापडत नाही. मग हँडल मारणाऱ्यानं खांदा निखळेपर्यंत मारावं, गाडी डबक्यातल्या म्हशीसारखी डोळे मिटून बसते. लटारू रोज संध्याकाळी तो काढून बंडीच्या खिशात टाकी आणि झोपताना मुठीत धरी. म्हणजे आत्ता जे ऐकू येत होतं ते होऊच शकत नव्हतं. जीव हातात घेऊन झोपावं आणि अंगणात आपलंच शरीर झाडू मारताना दिसावं, तसं त्याला झालं.

"मनकर्णे," तो म्हणाला, "तुले आयकू येते का?"

"मले काऊन नाई येणार? सवत जागली माही."

"पण मी त इथी हाय."

"मंग?"

"मंग ती तिथी कशी जागली?"

मनकर्णेनं गोधडी आपल्याकडे ओढून घेतली. "बायकाईले कोणी जागवाले लागत नाई. जागतेतच त्या. तुमालेच वाटते का तुमी जागवता."

एवढं बोलून ती उठली आणि चूल पेटवायला गेली. टालावरचा आवाज थोडा वेळ राहिला आणि बंद झाला. तो बंद झाल्यावर लटारूला जास्त भीती वाटली. चालू झालेली गाडी ही चूक असू शकते. चालू करून मग बंद केलेली गाडी म्हणजे कोणाचा तरी हात.

तो हात कोणाचा, हे त्याला गोधडीतच कळलं होतं. बापूजी ठेकेदाराचा जावई, गुणवंतराव. दिवाळीला नागपुराहून आला तो राहिलाच. अंगात कातडी जाकीट, खिशात कंगवा, आणि मोटार चालवण्याचं नवंकोरं लायसन. माणूस वाईट नव्हता, उलट इतका गोड बोले की राग धरायला जागाच सापडत नसे. परवाच शेकोटीपाशी बापूजी हात शेकत म्हणाले होते, "हे पाय लटारू, ही म्हातारी तुह्याशिवाय कोनाच्या हातानं चालू होत नाई, म्हणून तू सीटवर हायस. ज्या दिवशी दुसऱ्याच्या हातानं झाली, त्या दिवशी तू टालावर बस, लाकडं सांभाळ. उतारवयात बरं असते." सगळे हसले होते. लटारू सगळ्यात मोठ्यानं हसला होता, कारण रोटर त्याच्या खिशात होता.

त्यानं रोटर बंडीच्या खिशात टाकला आणि वरून फौजेतला विटका स्वेटर चढवला. कोपरावर मनकर्णेनं लुगड्याचं ठिगळ लावलेलं, तरी तो स्वेटर घातला की पाठ आपोआप ताठ होई. हा स्वेटर ब्रह्मदेशात एका मरणाऱ्या गोऱ्या कप्तानानं अंगातून काढून आपल्याला दिला, असं त्यानं सगळ्या चांद्याला सांगितलं होतं. खरं म्हणजे तो जबलपूरच्या लष्करी डेपोत सही करून मिळाला होता. लढाईची सगळी वर्षं लटारू जबलपुरात होता. ट्रका धुवायच्या, तेल बदलायचं, इकडच्या रांगेतून तिकडच्या रांगेत नेऊन उभ्या करायच्या. तिथल्या गोऱ्या सार्जंटाचा हुकूम होता की गाडी सोडून जाताना रोटर काढून खिशात घालायचा, नाहीतर जपानी येऊन गाडी पळवतील. जबलपुरात जपानी. पण हुकूम तो हुकूम. लढाई संपली, गोरा विलायतेला गेला, जपानी जपानात राहिले, आणि लटारूचा हात मात्र संध्याकाळ झाली की बोनेटखाली जाऊन तेवढं काढून घेई. मरून गेलेल्या सासूला घाबरून पदर सावरणाऱ्या बाईसारखा.

आणि गंमत अशी की ब्रह्मदेश त्याला आठवत असे. जबलपूर पुसट झालं होतं, एक लांबच लांब पत्र्याची शेड आणि दुपारचा उकाडा, बस. पण इरावतीचं पाणी, चिखलात रुतलेल्या गाड्या, बांबूच्या पुलावरून जाताना पाठीत उठणारा काटा हे इतकं लख्ख होतं की कधीकधी त्यालाच वाटे, आपण गेलोच असू. इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट खोटी कशी असेल? खोटं बोलणाऱ्याला लाज वाटावी लागते आणि त्याला इरावती आठवली की डोळ्यांत पाणी येई. ट्रकही तशीच. लिलावात काढलेल्या फौजी गाड्यांतली बापूजीनं ती उचलली तेव्हा तिचं नाव ठेवलं लटारूनंच. ही रंगूनहून चालत आली, म्हणाला. कोणी खोटं पाडायला रंगूनला जाणार नव्हतं.

बोळातून जटपुरा दरवाज्याकडे जाताना त्याचे पाय नेहमीच्या वेगानं पडत नव्हते. रस्त्यावर शेकोट्यांभोवती माणसं गुडघे पोटाशी धरून बसली होती, धुरातून तोंडं तेवढी दिसत होती. कोणीतरी ओरडलं, "लटारूभाऊ, आज गाडी लवकर जागवली का जी?" त्यानं हात वर केला. हो म्हणावं की नाही म्हणावं? हो म्हटलं तर खोटं, आणि हे पहिलंच खोटं होतं जे त्याच्या घशात अडकलं. आश्चर्यच की. जन्मभर खोटं बोललेल्या माणसाला एक हो जड जावा.

टालावरची रोजची रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. हिवाळ्यात जंगल उघडतं, पावसाचे चिखल वाळतात, नदीनाले उतरतात आणि सागवान बाहेर निघतं. म्हणजे जुन्या गाड्यांना थंडीतच राबायचं असतं आणि थंडीतच त्या राबायला तयार नसतात. तेल आत गुळासारखं घट्ट होतं. म्हणून कोलू पहाटे घमेलंभर निखारे इंजिनाखाली सरकवी. कोलू एटापल्लीकडचा माडिया, गाडीवरचा हमाल, थंडीत गाडीखेरीज कुठं झोपतच नसे. मग लटारू येई, बोनेट उघडी, अर्धा आत वाके आणि रंगूनवालीला गोष्ट सांगायला लागे. रोज नवी. वाघाची, भुताची, साहेबाची, पाण्याखालून चालवलेल्या गाडीची. गोष्ट रंगात आली की तो मागे हात करून खूण करी, कोलू हँडल मारी आणि गाडी चालू होई. गोष्टीशिवाय ती चालू होत नाही, हे आता चांद्यात सूर्य पूर्वेला उगवतो याच्या शेजारचं सत्य होतं. कोलू तर म्हणे, हिच्यात पेन आहे, पेन म्हणजे त्यांचा देव, आणि देवाला गोष्ट लागतेच. लोक ऐकत राहत, आणि लोक ऐकत असले की हाताकडे कोण पाहतो? गोष्ट चालू असतानाच रोटर खिशातून आपल्या जागी जाऊन बसे.

म्हणजे गोष्ट ही बुरख्यासारखी होती. हे फक्त मनकर्णेला माहीत होतं. ती रोटरला तुमची सुपारी म्हणे.

टालाच्या फाटकाशी तो थबकला. सागाच्या ओंडक्यांवर दव, सालीचा कडू वास, आणि मधोमध रंगूनवाली, बोनेट उघडं टाकलेली, भरल्या अंगणात पदर ढळलेल्या बाईसारखी. पलीकडे गवतात ती दुसरी पडली होती. तिच्याच जातीची, तिच्याच तोंडवळ्याची एक मेलेली ट्रक, सुट्ट्या भागांसाठी बापूजीनं मागच्या महिन्यात ओढून आणलेली. तिचंही बोनेट उघडं होतं. लटारूला सगळं एकदम दिसलं. मेलेल्या बहिणीच्या अंगावरचा दागिना काढून जिवंत बहिणीला घातला होता.

"आलास का," बापूजी म्हणाले. शालीतून नाक तेवढं बाहेर होतं. पेट्रोलच्या पिंपाची किल्ली त्यांच्या करदोट्याला असे, ती चाचपत उभं राहायची त्यांची सवय होती. "तुही गोष्ट न आयकता झाली बा आज चालू. पहिल्याच हँडलले."

"दुसऱ्या," गुणवंतराव नम्रपणे म्हणाला. "लटारूभाऊ, तुमाले सांगू का, आतमधी एक पुर्जाच नोता. कुठीतरी पडला असन. मी त्या मेलेलीतला काढून टाकला. इतके दिवस तुमी बिना रोटरची गाडी कशी चालवत होते, मले त याचंच आश्चर्य वाटून राह्यलं."

गुणवंतरावाच्या डोळ्यांत टिंगल नव्हती. खरोखरीचं आश्चर्य होतं, आणि थोडा आदरसुद्धा. हे फारच वाईट होतं. टिंगलीला उत्तर देता येतं.

"बिना रोटरची," कोलू हळूच म्हणाला आणि गाडीला हात लावून कपाळाला लावला. "पेन आहे म्हटलं ना मी."

"मी बाहीर येईपर्यंत यायनं बंदबी करून टाकली," बापूजी म्हणाले. "पेट्रोल जळते म्हणून. चांगलं केलं. आता माह्या डोयासमोर लावा जावाईबापू. जंगलात कूपावर तोडीची माणसं मिठाविना बसली हायत, मीठ आन् तांदूळ भरून ठेवलं हाय. तुमी चालवा. लटारू, तू आज इथीच थांब. मंग पाहू."

मग पाहू. लटारू सागाच्या एका ओंडक्यावर बसला. उद्यापासून बसायची हीच जागा. त्यानं नुसतं बसून पाहिलं, कसं वाटतं ते. ओंडका गार होता. इथून गाडी जाताना दिसेल, मूल गावच्या रस्त्याला वळताना दिसेल, आणि मग धूळ. संध्याकाळी परत येताना आधी ऐकू येईल, मग दिसेल. असं म्हाताऱ्या माणसाचं ऐकत राहणं त्यानं खूप पाहिलं होतं. गाडीवरून उतरलेले ड्रायव्हर चहाच्या टपरीवर बसून दुसऱ्यांचे गिअर मोजतात. आपण तसं करणार नाही. आपण काय करू? गोष्टी सांगू? पण कोणाला, आणि कशासाठी? हात रिकामा असताना गोष्ट कशाला? हा प्रश्न त्याला असा नवा वाटला की तो बराच वेळ त्याच्याकडे नुसता पाहत राहिला.

मनकर्णा एकदा माहेरी गेली होती, मूलला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमच्या तोंडून एक शब्द खरा निघत नाही, म्हणाली, आणि गेली. तो तिला आणायला निघाला तेव्हा बैलगाडीत बसून त्यानं रस्ताभर गोष्ट रचली होती. असा आजारी पडलो, तसा वैद्य आला, वैद्य म्हणाला बायको आणा. फारच बिनतोड गोष्ट. मूल गाव आलं, धानाच्या गिरणीचं इंजिन धडधडत होतं, हवेत कोंडा उडत होता, सासरा ओसरीवर आला आणि म्हणाला, "बोला." आणि लटारूच्या तोंडून काही निघालंच नाही. तेवढं एक त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

हँडल फिरलं. गाडी नुसती हुंकारली. परत फिरलं. गुणवंतराव स्वतःच मारत होता, जाकीट काढून ठेवलेलं, कंगव्यानं बसवलेले केस कपाळावर आले होते. "आत्ताच झाली होती जी," तो बापूजीला म्हणाला. त्यानं जाऊन चोक पूर्ण ओढला, परत मारलं. गाडी एकदा शिंकली. त्यानं चोक सोडला, ओढला, पायानं पंप केला, मारलं. कोलूनं हात लावला, त्यानंही मारलं. मग दोघांनी मिळून मारलं. लटारूच्या नाकाला वास आला आणि ओंडक्यावर बसल्या बसल्या त्याची बोटं आखडली. कच्च्या पेट्रोलचा वास. निखाऱ्यांनी आणि पहिल्या चालण्यानं गरम झालेली गाडी, तिला परत चोक देऊन देऊन त्यानं आतून चिंब भिजवली होती. जेवलेल्या माणसाला धरून परत पंक्तीत बसवावं, आणि तो नको म्हणाला की आणखी वाढावं. हा माणूस तिचा जीव घेतोय, त्याला वाटलं, आणि किती प्रेमानं.

"रुसली," कोलू म्हणाला.

"चूप रे," बापूजी म्हणाले, पण त्यांची बोटं किल्लीवरून उडाली होती. "लटारू, पाय बरं काय झालं हिले."

लटारू उठला. उठताना खिशातला रोटर कुशीला लागला. आज तो नुसता एक तुकडा होता. बोनेटखाली वाकून त्यानं पाहिलं, तर जागेवर दुसरा बसलेला, काळा, नवा दिसणारा, जणू जन्मापासून तिथलाच. हातात घालायला काही नव्हतं, लपवायला काही नव्हतं. मागे माणसं गोळा झाली होती, टालावरचे हमाल, रस्त्यानं जाणारे, आणि भाकरीचं गाठोडं घेऊन आलेली मनकर्णा. सगळे वाट पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ही गाडी खरोखर गोष्टीवर चालू करायची होती.

"घमेलं आधी दूर ओढ," तो कोलूला म्हणाला, "नाईतर सगळेच संग रंगूनले जाऊ." मग त्यानं एकेक करून सहाही प्लग काढले. भिजलेले, काळे. घमेल्याच्या काठावर त्यानं ते वांगी भाजायला ठेवावीत तसे ओळीनं ठेवले. आता थांबायचं. आतलं पेट्रोल उडेपर्यंत, प्लग सुके होईपर्यंत. त्या वेळात हँडलला कोणी हात लावला की संपलं. गुणवंतरावाचा हात तर आत्ताच हँडलकडे जात होता. बापूजी तोंड उघडत होते, आता विचारणार, किती वेळ, आणि थोड्या वेळानं परत, आणि मग म्हणणार, मारून तर पाहा. लटारूला हे सगळं दिसलं आणि त्याच क्षणी आणखीही काही दिसलं, असं की तो प्लग पुसता पुसता थांबला. निखाऱ्यांची ऊब तेलापर्यंत पोचायला वेळ लागतो. रोज लागत होता. आणि रोज त्या वेळात कोणी हँडल मारलं नाही, कोणी चोक ओढला नाही, सगळे श्वास धरून उभे राहिले. ते रोटरमुळे नव्हे. रोटर तर पापणी लवते तोवर बसत होता. बाकीचा सगळा वेळ काय करत होतो आपण? गोष्टच सगळ्यांचे हात धरून ठेवत होती.

त्याला हसू आलं. इतकी वर्षं आपण लोकांना फसवतोय असं समजून आपण त्यांना खरं तेच सांगत होतो.

"जावाईबापू," तो म्हणाला, "तुमी सूरजागड पायला का?"

"नाई जी."

"पाहू नका. म्हणजे गाडी घेऊन पाहू नका. आखाच्या आखा पहाड लोखंडाचा हाय. मी एकदा संध्याकाळी पायथ्याशी गाडी लावली. बिरेक लावला, चाकाखाली धोंडा देल्ला, झोपलो. सकाळी उठून पायतो त गाडी नाई."

"चोरली?" कोणीतरी विचारलं.

"धोंडा तिथीच. चाकाच्या खुना पहाड चढून गेल्या. न्यूटरलमधी. लोखंडानं लोखंड वढलं."

"होते असं," कोलू गंभीरपणे म्हणाला. "माह्या मामाची कुऱ्हाड बी जाते. झाडाले बांधून ठेवा लागते."

"पण लटारूभाऊ," गुणवंतराव म्हणाला, आणि त्याचा हात हँडलवरून सुटून कमरेवर आला, "असं असन त मंग तुमच्या वहाणेचे खिळे? तुमी कसे नाई वढल्या गेले?"

लटारूनं आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "वहाणा तिथीच हायत ना अजून. मी असा काऊन फिरतो मंग थंडीत?"

हसण्याची एक लाट आली आणि टालावरच्या ओंडक्यांवरून निघून गेली. लटारूनं एक प्लग उचलून फुंकला, परत ठेवला. "गेलो मी वर. झाडं धरत, खुनाईमागं. माथ्यावर पायतो त म्हातारी उभी. भवताल काळे काळे पत्थर, कोनी मोठे, कोनी लहान, तिले घेरून बसले. आन् ती मधात. तवा माह्या ध्यानात आलं. मी समजत होतो ही विलायतेची. विलायतेची कायची जी? हिचं लोखंड इथलंच. कोन्या जमान्यात कोनी गाडीभर नेलं असन, दर्याच्या पार. तिथी वितळवलं, ठोकलं, हिले केलं. रंगूनले धाडलं, लढाईत घातलं, बापूजीच्या पदरात टाकलं. फिरता फिरता एक दिवस हिले माहेर दिसलं. आता सांगा, माहेरी आलेली बाई, हँडल मारून निघते का?"

"नाई निघत," एक बाई मागून म्हणाली. मनकर्णा नव्हती.

"मी समजावलं. म्हटलं, चाल वं, तिकडं बापूजी वाट पायते."

"मंग?" बापूजी म्हणाले. शाल डोक्यावरून खाली आली होती, त्यांचं त्यांना कळलं नव्हतं.

"आयकतच नाई. मी रागावलो. म्हटलं, नवा लोखंडाचा संसार करीन. त त्या पत्थरातला एक म्हातारा पत्थर गडगडत आला आन् माह्या पायापाशी थांबला. सासराच तो. जसा काई म्हनून राह्यला, बोला." लटारू बोलत होता आणि त्याचे हात आपलं काम करत होते. सुकलेले, कोमट प्लग एकामागून एक जागी बसत होते. चोक त्यानं आत ढकलून ठेवला. कुठूनशी धानाच्या गिरणीची धडधड त्याला ऐकू यायला लागली होती, आणि हवेत कोंडा उडत होता. "मी तोंड उघडलं..."

आणि सवयीनं त्याचा हात मागे गेला. कोलूनं खूण पाहिली. हँडल एकदाच फिरलं. खोकला, एक चुकलेला ठोका, आणि रंगूनवाली धडाडून चालू झाली, सगळं टाल हलवत, ओंडक्यांवरचं दव झाडत. टायरला टेकलेलं कुत्रं पळालं. हमालांनी हात वर केले. लटारूनं बोनेट खाली पाडलं, हात पुसले, आणि चढायला पायरीवर पाय ठेवला. गुणवंतरावानं न सांगता दुसऱ्या बाजूचं दार धरलं होतं, पोरगं जत्रेला निघाल्यासारखा चेहरा करून.

बापूजी काहीतरी ओरडत होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. लटारूनं कानाशी हात नेला. "काय जी?"

"मंग काय झालं म्हणतो मी!"

"आयकू येत नाई जी!"

बापूजी तरातरा पुढे आले, गुणवंतरावाला म्हणाले, "बंद करा ते मशीन. बंद करा पयले. आणली कशी तिले माहेराहून, ते सांगू दे त्याले."

"बापूजी, पेट्रोल..." लटारू म्हणाला.

"जाऊ द्या पेट्रोल."

गाडी बंद झाली. टालावर अशी शांतता पडली की निखारे फुटल्याचा आवाज आला. सगळी तोंडं लटारूकडे वळली, आणि पायरीवर एक पाय ठेवलेल्या लटारूला कळलं की शेवट त्याच्याकडे नाही. कधीच नव्हता. गोष्ट रंगात आली की गाडी चालू होई, गाडी चालू झाली की गोष्ट तिथेच राही. वाघ अजून उडी मारण्याच्या बेतात होते, साहेब अजून बंदूक रोखून उभे होते, इरावतीच्या मधोमध गाडी अजून पाण्याखालीच होती. इतक्या हिवाळ्यांत एकाही गोष्टीला त्यानं घरी पोचवलं नव्हतं, आणि कोणी मागितलंही नव्हतं. त्यानं मनात शोधलं. मोठमोठे शेवट होते, हत्ती होते, वीज होती. यातलं काही बसेना.

"सांग ना," बापूजी म्हणाले. "तोंड उघडलं, मंग काय म्हटलं तू?"

"काईच नाई," लटारू म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. "शब्दच निघाला नाई. बसून राह्यलो तिथीच, खाली मान घालून."

माणसं थांबली. हा काही शेवट झाला का? कोलूसुद्धा जरा हिरमुसला. तेवढ्यात मनकर्णा भाकरीचं गाठोडं कडेवर घेऊन पुढे आली.

"नुसते बसले नोते," ती म्हणाली. "रडून राह्यले होते. धोतराच्या सोग्यानं नाक पुसत. सांज झाली तरी एक खोटा शब्द तोंडातून नाई. तवा तिले वाटलं, हा मानूस एक दिवस त खरा हाय. एका दिवसाच्या भरोशावर बाई निघते. आपलं गाठोडं तिनंच बांधलं आन् तीच पुढं चालली. हे मागं."

आधी ती मागची बाई हसली, आणि मग सगळं टाल. बापूजी डोळे पुसेपर्यंत हसले, आणि हसता हसता त्यांनी शाल झटकून खांद्यावर टाकली. "जावाईबापू," ते म्हणाले, "टालावर तुमालेच बसा लागते आता."

"मी त याहिच्या बाजूले बसतो मामाजी," गुणवंतराव म्हणाला. "त्या वाघाचं काय झालं तेबी विचारायचं हाय मले."

लटारूनं खिशातून रोटर काढला. मनकर्णेच्या हातून भाकरी घेताना त्यानं तो तिच्या मुठीत सरकवला. तिनं पाहिलं, कमरेला खोचला. "बरं झालं," ती हळूच म्हणाली. "रात्री त्या हाताले काई दुसरं काम द्या."

तो सीटवर चढला. सीट अजून कालच्याच आकाराची होती. मीठ लादलेलं होतं, तांदूळ लादलेला होता, धुक्यातून ऊन उतरायला लागलं होतं, मूलचा रस्ता समोर मोकळा होता. त्यानं खूण केली. कोलूनं हँडल मारलं. गाडी नुसती हुंकारली.

कोलूनं बोनेटवर हात ठेवून पाहिला. "भाऊ," तो म्हणाला, "गार झाली. आपल्या हसण्यात."

तो घमेलं घेऊन चहाच्या टपरीकडे निखारे आणायला गेला. बापूजीनं एक रिकामं पोतं ओढलं, ओंडक्यावर टाकलं आणि त्यावर नीट मांडी घातली. गुणवंतराव त्यांच्या शेजारी बसला. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला खाली उतरला. लटारू सीटवरून उतरला, बोनेट उघडलं, अर्धा आत वाकला आणि त्यानं घसा साफ केला. रंगूनवालीनं अजून केला नव्हता.